उंदीर नसलेलं गोदाम

१

पलकचं लग्न झालं त्या वर्षीची, म्हणजे २०२३ सालची ही गोष्ट. पलक जगदाळ्यांची एकुलती एक नात. वैशाखात तिचं लग्न लागलं आणि पहिल्या दिवाळसणाला जावई देवांश इंदूरला आले. जावयांना हिंगोट बघायचं होतं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्यात दोन दळं मैदानात समोरासमोर उभी राहतात आणि हिंगोटाच्या फळात दारू भरून ती पेटती फळं एकमेकांवर सोडतात. कोणाचे केस जळतात, कोणाचा हात भाजतो, पण कोणी मागे हटत नाही. जावयाची हौस म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? गाड्या भरून सगळं घर तिकडे गेलं.

एकटे पलकचे आजोबा प्रतापराव गेले नाहीत. चौऱ्याहत्तरीचे प्रतापराव सणाच्या दिवशी सांवेर रोडवरच्या आपल्या सुट्टीमुळे बंद असलेल्या कारखान्यात जाऊन बसले. घरचे गौतमपुऱ्यात टाळ्या पिटत होते तेव्हा विक्रमला, म्हणजे त्यांच्या मुलाला, फोन आला. कारखान्याचा गोदामवाला शाम रडत होता.

"भिया, लवकर या. साहेब उठत नाहीयेत."

प्रतापराव खुर्चीतच गेले होते. समोर काढ्याचा अर्धा प्याला. त्या प्याल्याला असा घाण वास होता, की पंचनाम्याला आलेल्या शिपायानं आधी खिडकी उघडली आणि मग नाकाला रुमाल लावला. काढ्याच्या चूर्णात उंदीर मारायचं औषध निघालं. त्याच औषधाचा अर्धा रिकामा डबा निघाला शामच्या कपाटात.

आदल्या दिवशी शामचं आणि साहेबांचं भांडण झालं होतं. शाम मूळचा गौतमपुऱ्याचा. दरवर्षी हिंगोटाच्या मैदानात उतरायचा. या वर्षी साहेबांनी सुट्टी दिली नाही, तेव्हा तो सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "याच कारखान्यात मराल एक दिवस!"

पोलिसांना आणखी काय हवं होतं? शामला उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या इंदूरात शोभनाबाई खांडेकरांचं दार कोणीतरी दोन्ही हातांनी बडवलं. शोभनाबाई सरकारी प्रयोगशाळेत विषं तपासण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर त्यांना स्वस्थ बसणं जमलेलं नव्हतं. दिवसातून चार वेळा कपाट आवरायचं, नीट चालणाऱ्या घड्याळाची किल्ली पुन्हा द्यायची, गॅलरीत जाऊन परत यायचं. दारात वरच्या मजल्यावरची भाडेकरू निधी उभी होती. शामची बायको.

"काकू, त्यांनी नाही हो केलं. खाली-पिली पकडून नेलं. उद्या कोर्टात उभं करणार, मग जेल. तुम्ही तर जिंदगीभर हेच काम केलंय."

"रडू नको. आधी सांग, हे उंदराचं औषध शामनं आणलं कशाला?"

"उंदरांसाठीच! गोदामात पावसाळ्यापासून उंदरांचा वास मारत होता. साहेबांनाच विचारून आणलं."

"किती उंदीर मेले?"

निधी डोळे पुसता पुसता थांबली.

"एकही नाही, काकू. घरी येऊन रोज तेच बोलायचे. वास इतका, आणि उंदीर एक नाही."

शोभनाबाईंनी पायात चपला सरकवल्या. पदर खोचला. त्या कारखान्यात काय बनतं हे त्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच त्या थेट पोलिस ठाण्याकडे निघाल्या.

२

पोलिस ठाण्याचे टीआय, म्हणजे इन्स्पेक्टर, सुजय रणदिवे शोभनाबाईंच्या जुन्या ओळखीचे होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि केस संपल्यासारखी मान हलवली.

"मॅडम, ओपन अँड शट आहे. औषध याचं, धमकी याची, आणि त्या दिवशी कारखान्यात दुसरं कोणी नाही."

"चूर्ण बरणीत होतं ना? मग त्या दिवशी कोण हजर होतं त्याला काय अर्थ? बरणीत कोणीही आधी कालवून ठेवलं असेल. टेबलावर अजून काय होतं?"

"कुछ खास नहीं. विजेची केटली, गरम पाण्याचा ग्लास, त्यात थर्मामीटर. म्हाताऱ्या माणसाला ताप असेल."

"ताप मोजायचं थर्मामीटर गरम पाण्यात ठेवतात का, सुजय?"

रणदिवेंनी मोबाइलमधला फोटो उघडून दाखवला. शोभनाबाईंनी तो बोटांनी मोठा केला. लांब काचेचं थर्मामीटर, शंभराच्या वर आकडे असलेलं. त्याला दोऱ्यानं बांधलेली काडीसारखी बारीक काचेची नळी. शोभनाबाई खुर्चीतून उठल्याच. चहा तसाच राहिला.

"मला शामला भेटू द्या."

शाम कोठडीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. शोभनाबाईंना बघून त्याचा चेहरा आणखी पडला.

"काकू, रागात माणूस काय काय बोलतो..."

"ते राहू दे. साहेबांनी सुट्टी का नाही दिली?"

"म्हणाले, सगळे जातील त्या दिवशीच मला तुझं काम आहे. मी गेलो तर शुद्ध मालाच्या खोलीतल्या बोऱ्या उघडायला लावल्या. प्रत्येकीतून चिमूटभर माल कागदात घेतला आणि मला म्हणाले, आता बाहेर बस, आत येऊ नको."

"उंदरांचा वास कुठल्या खोलीत येत होता?"

"त्याच खोलीत. कच्च्या मालाकडे तर नेहमीच येतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण शुद्ध मालाच्या खोलीत कधी नव्हता. मी साहेबांना म्हटलं, औषध टाकू का? ते म्हणाले, हो हो, मलाही येतोय, टाक."

"साहेबांचं नाक चांगलं होतं म्हणे."

या स्थितीतही शामला हसू आलं. "नाक? घोड्याचं नाक होतं काकू! माल पास करायचे ते नाकानंच. प्रत्येक घाण्यातला चिमूटभर माल मी तळहातावर धरायचो, ते वास घ्यायचे आणि म्हणायचे, फर्स्ट क्लास. अहो, माझा डबा उघडायच्या आधी दारातूनच सांगायचे, आज उसळ का रे शाम? दर गुरुवारी बरोबर ओळखायचे."

"दर गुरुवारी?"

"हो. गुरुवारी निधी उसळच देते."

"आणि इतर दिवशी काय ओळखायचे?"

शामनं डोकं खाजवलं.

"इतर दिवशी... विचारायचे नाहीत."

३

कारखान्याच्या फाटकावर विक्रम भेटला. बापाच्या दुःखानं आणि जागरणानं त्याचे डोळे सुजले होते. त्यानं विरोध केला नाही, उलट म्हणाला, "शामनं असं करावं हे मलाही पटत नाही, मावशी. पण मग कोणी केलं?"

माल दाखवायला नीरज आला. नीरज म्हणजे प्रतापरावांच्या धाकट्या बहिणीचा, प्रेमलताबाईंचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, मामांनी वाढवलेला, रसायनशास्त्र शिकवून कारखान्यात घेतलेला. उत्पादन सगळं त्याच्या हातात.

"आपण अॅसिटमाइड करतो," नीरज चालता चालता सांगत होता. "सोपं रसायन आहे. सिरक्याचं आम्ल आणि अमोनिया एकत्र करायचे, क्षार तयार होतो, तो तापवून तापवून त्यातलं पाणी घालवायचं. मागे हे स्फटिक उरतात. कागद, कापड, प्लास्टिक नरम ठेवायला लागतं, रंगाच्या धंद्यात लागतं. कच्चा माल तिकडे जातो."

"आणि शुद्ध माल?"

"तो पुन्हा विरघळवून, थंड करून, स्फटिक वेगळे काढतो. ते औषधवाल्या कंपनीला जातं."

बोलताना तो किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेत होता. शुद्ध मालाची खोली उघडली आणि उंदरांचा वास नाकात शिरला. कोंदट, आंबूस, जुन्या ट्रंकेत पिल्लं मेली की येतो तसा.

"उंदीर झालेत फार," नीरज म्हणाला.

शोभनाबाई खाली वाकल्या. गुडघे कुरकुरले, पण त्या भिंतीच्या कडेकडेनं खोलीभर फिरल्या. शामनं ठेवलेल्या औषधाच्या गोळ्या कागदांवर जशाच्या तशा पडल्या होत्या. एकीलाही दात लागलेला नव्हता. बोऱ्यांना भोक नाही. लेंडी नाही. कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्यालाही कोणी धक्का लावलेला नव्हता. दाराशी कारखान्याचं मांजर पोट वर करून झोपलं होतं.

"या खोलीत उंदीर नाहीत, नीरज."

"मग वास कसला?"

"ते तू मला सांगायचंस." त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. "मामांनी तुझ्याकडून थर्मामीटर नेलं होतं का?"

जुडगा वाजायचा थांबला.

"हो. धनतेरसला मागितलं. म्हणाले, काढ्याचं पाणी किती गरम होतं ते बघायचंय. म्हातारपणी माणसाला काहीही सुचतं."

केबिनमध्ये विक्रम बसला होता. टेबलावर विजेची केटली अजून तशीच. शोभनाबाईंना तहान लागली होती, त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला आणि विचारलं, "तुमच्याकडे चहा याच केटलीत होतो?"

"आधी गॅसची शेगडी होती," विक्रम म्हणाला. "बाबांना शेगडीवरचा कडक चहा लागायचा. यानं काढून टाकली उन्हाळ्यात." त्यानं नीरजकडे मान वळवली. "आग लागेल म्हणे."

"केमिकलचा कारखाना आहे, दादा. शेगडी नकोच," नीरज पटकन म्हणाला.

शोभनाबाई पाणी पीत खिडकीशी गेल्या. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये कामगारांचं स्वयंपाकघर होतं. शेडला लागूनच पेटणाऱ्या द्रावकांची पिंपं. आणि शेडमध्ये गॅसची मोठी शेगडी निळ्या ज्योतीनं सुरू होती, तिच्यावर डाळ उकळत होती.

आगीची एवढी भीती, तर ती शेगडी अजून तिथे का?

४

प्रेमलताबाई घरी देवासमोर बसल्या होत्या. भावाच्या फोटोला हार घातलेला. त्या शोभनाबाईंच्या वयाच्याच, पण एका रात्रीत वाकल्यासारख्या दिसत होत्या.

"चूर्ण तुम्ही करून देत होतात?"

"मीच. कोरोनापासूनचं त्याचं चाललं होतं. सुंठ, मिरी, दालचिनी, तुळस. सगळं जग विसरलं काढा, आमचा दादा विसरला नाही. बरणी भरून केबिनमध्ये नेऊन ठेवायचा." त्यांनी फोटोवरचा हार सारखा केला. "माझ्याच हातच्या चूर्णात घातलं हो कोणीतरी."

"प्रेमलताताई, एक विचारते. रागावू नका. तुमच्या दादांना वास येत होता का?"

प्रेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला.

"त्यानं मला शपथ घातली होती. आता कोणाची शपथ पाळू? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचं नाक गेलं ते परत आलंच नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी पत्ता नाही. देवघरात येऊन हळूच विचारायचा, अगरबत्ती लावलीस का ग? मी म्हणायचे, सांगून टाक ना विक्रमला. तर म्हणाला, प्रतापराव जगदाळे नाकानं माल पास करतो हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. नाकच गेलं म्हटल्यावर माझ्या मालाला कोण विचारेल?"

"तुम्ही कोणाकोणाला सांगितलंत?"

"देवाशपथ, कोणाला नाही. विक्रमला नाही. माझ्या नीरजलाही नाही."

शोभनाबाई निघाल्या तेव्हा प्रेमलताबाई दारापर्यंत आल्या. "सापडेल ना हो तो?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि शोभनाबाईंना त्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

रिक्षात त्या अस्वस्थपणे पुढेमागे होत राहिल्या. रिक्षावाला म्हणाला, "माताजी, तबियत ठीक आहे ना?" त्यांना ऐकू आलं नाही. त्यांना फक्त तो प्याला दिसत होता, ज्याच्या वासानं पोलिस शिपायानं खिडकी उघडली होती. धडधाकट नाकाचा माणूस तो प्याला ओठांपर्यंत नेऊ शकत नव्हता. प्रतापरावांनी अर्धा रिचवला.

म्हणजे ज्यानं ते विष निवडलं, त्याला प्रतापरावांच्या नाकाचं गुपित ठाऊक होतं.

त्यांनी रणदिवेंना फोन लावला. "सुजय, संध्याकाळपर्यंत थांबू नका. सगळ्यांना केबिनमध्ये बोलवा. शामलाही आणा."

५

केबिनमध्ये उकडत होतं. विक्रम खुर्चीत, प्रेमलताबाई बाकावर, नीरज भिंतीला टेकून. दाराशी शिपायाबरोबर शाम. रणदिवे हाताची घडी घालून उभे.

शोभनाबाई उभ्याच राहिल्या.

"या कारखान्यातलं रसायन शुद्ध असलं तर त्याला वास नसतो. जवळजवळ नाहीच. त्यात घाण राहिली की त्याला उंदरांचा वास येतो. या धंद्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. शामला शुद्ध मालाच्या खोलीत उंदरांचा वास आला तेव्हा उंदीर नव्हतेच. बोऱ्यांवर शुद्ध मालाचा शिक्का होता आणि आत कच्चा माल होता."

"म्हणजे औषधवाल्या कंपनीला..." विक्रम उठून उभा राहिला.

"हो. बाबांना ते कळत नव्हतं, कारण त्यांना वास येतच नव्हता. कोरोनानंतर कधीच नाही. शाम तळहात पुढे करायचा, ते खोटाच श्वास ओढायचे आणि फर्स्ट क्लास म्हणायचे. तसाही हा माल हुंगणं तब्येतीला वाईट, पण ती त्यांची जुनी रीत. शामनं उंदरांचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, गुपित झाकायला. मग गोळ्या तशाच पडून राहिलेल्या त्यांनी बघितल्या, आणि त्यांना कळलं. नाकानं तपासता येईना म्हणून त्यांनी दुसरी रीत काढली. शुद्ध माल ऐंशी अंशांच्या आसपास वितळतो. घाण असली की आधीच वितळायला लागतो. केटलीचं गरम पाणी, थर्मामीटर, बारीक नळीत चिमूटभर माल. सगळे हिंगोटाला गेले त्या दिवशी ते इथे बसून आपलाच माल तपासत होते. मग नेहमीसारखा काढा केला आणि प्यायले."

शाम दारातूनच पुटपुटला, "म्हणून सुट्टी नाही दिली..." आणि त्यानं तोंड फिरवलं.

"आता विषाकडे या. त्या काढ्याचा वास खोलीभर होता. शामची खात्री होती की साहेबांचं नाक घोड्याचं आहे. ज्याला असं वाटतं, तो माणूस साहेबांना मारायला जगातलं सगळ्यात घाण वासाचं औषध निवडेल?"

रणदिवेंनी घातलेली घडी सोडली.

"हे करणाऱ्याला नाकाचं माहीत होतं. पण प्रेमलताताईंनी कोणाला सांगितलं नव्हतं." शोभनाबाईंनी केटलीवर बोट ठेवलं, आणि आवाज एकदम हलका केला. "बरं नीरज, मला एक कळलं नाही. मामांची शेगडी काढलीस कशाला? गॅसचे चार पैसे वाचवायला?"

"आगीसाठी. सांगितलं ना."

"कामगारांची शेगडी पिंपांना चिकटून आहे, तिला हात नाही लावलास."

"मी सांगतो," विक्रमला राग आवरेना. "कंजुषी, दुसरं काय! ज्या माणसानं याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याला शेवटचे सहा महिने केटलीचा पाणचट चहा पाजला यानं."

"कंजुषी?" नीरज भिंतीपासून सुटला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "दादा, तू कधी आलास इथे? महिन्यातून एकदा! उन्हाळ्यात एक दिवस मी आलो तर शेगडीचं बटण चालू राहिलं होतं, ज्योत विझलेली, सगळ्या खोलीत गॅसचा वास, डोळ्यांना झोंबत होता, आणि मामा इथे बसून पेपर वाचत होते! त्यांना पत्ताच नाही! एक काडी ओढली असती तर संपलं असतं सगळं. मी शेगडी काढली म्हणून ते जगले. तू मला कंजूस म्हणतोस?"

बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

बाहेर शेडमध्ये कोणीतरी पातेलं घासत होतं.

"तेव्हापासून तुला माहीत होतं," शोभनाबाई म्हणाल्या. या वेळी त्यांच्या आवाजात धार नव्हती.

नीरज खाली बसला. भिंतीशी, शाम कोठडीत बसला होता तसाच उकिडवा.

"माल शुद्ध करायचं भांडं आषाढात बिघडलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "ऑर्डर तोंडावर होती. एक घाणा तसाच भरला. नाकाचं माहीत होतं, तरी वाटलं, मामा कसेतरी पकडतील, शिव्या देतील, संपेल. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले फर्स्ट क्लास. मग दुसरा भरला. मग भांडं दुरुस्त करायचं राहूनच गेलं. धनतेरसला त्यांनी थर्मामीटर मागितलं तेव्हा कळलं, आता ते सगळा माल परत बोलावणार, कंपनीला फोन करून माझं नाव सांगणार. ते खोटं बोलले नसते. स्वतःच्या नाकाबद्दल सोडून ते कधी खोटं बोलले नाहीत."

"आणि माझ्या चूर्णात?" प्रेमलताबाई म्हणाल्या.

"शामच्या कपाटातलं औषध मीच कालवलं," तो म्हणाला.

"शेगडी काढलीस तेव्हा मला का नाही सांगितलंस? मी एकटी वाहत होते रे ते ओझं. दोघांनी मिळून वाहिलं असतं."

रणदिवेंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराशी उभ्या शिपायाला खूण केली. शामच्या हातातली बेडी निघाली. त्याच जागी उभं राहून नीरजनं हात पुढे केले.

त्याच संध्याकाळी विक्रमनं औषधाच्या कंपनीला फोन करून गेलेला सगळा माल परत मागवला. शाम घरी आला तेव्हा निधी जिन्यात उभी होती. ती त्याच्या हाताला धरून वर घेऊन गेली. शोभनाबाई त्या रात्री घड्याळाला किल्ली द्यायला विसरल्या.

प्रतापराव जगदाळे यांचा मृत्यू सोमवार, १३ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, इंदूरला सांवेर रोडवरच्या त्यांच्या कारखान्यात झाला. त्यांची बहीण प्रेमलता त्यानंतर पुढच्या दिवाळीपर्यंतही राहिल्या नाहीत. त्या २०२४च्या श्रावणात गेल्या.